कणीक लाजते

१६ फेब्रुवारी, रविवार

एकतीस वर्षं सबस्टेशनला दर तासाला रीडिंग लिहिलं. व्होल्टेज किती, अँपिअर किती, कोणता फीडर, म्हणजे गावांकडे वीज नेणारी लाइन, किती वाजता ट्रिप होऊन बंद पडला, किती वाजता परत चालू केला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तास भरला की हात पेन शोधतो. आज एक अवघड काम अंगावर घेतलंय आणि लिहिल्याशिवाय माझं कोणतंच काम पुरं होत नाही, म्हणून ही नवी वही.

सुनंदाला अकरा डिसेंबरला लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन ती घरभर फिरते. हात मात्र आला नाही. ठेवावा तिथे पडून राहतो. बोलणं जड झालं, म्हणून ती बोलायचंच टाळते. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने महत्त्वाचे, व्यायाम रोज झाला पाहिजे. एक मऊ रबरी बॉल दिलाय, तो दिवसातून तीनदा वीस-वीस वेळा दाबायचा. मी लगेच तक्ता आखून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. तारीख निळ्या पेनानं, आकडा लाल पेनानं. आजपर्यंतचे सगळे आकडे शून्य आहेत. ती बॉलकडे बघतसुद्धा नाही.

संध्याकाळी धुळ्याहून लेकीचा, कामिनीचा फोन आला. "आई, या आखाजीला मांड्यांचा घाट नको हं. मी येताना पुरणपोळ्या विकत आणीन." सुनंदानं तोंड भिंतीकडे फिरवलं. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार आणि घरात मांड्यांचं खापर, ते पालथं मातीचं भांडं, तापणार नाही, असं आमच्या लग्नानंतर एकदाही झालेलं नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "विकत कायले? मांडे मी करतो."

कामिनी हसली. आणि सुनंदा हसली! अर्ध्याच तोंडानं, पण हसली. अकरा डिसेंबरनंतर पहिल्यांदा. वेळ सात वाजून चाळीस मिनिटं.

मग कामिनी म्हणाली, "नाना, स्पीकर बंद करा." तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर व्यायामोपचाराचं केंद्र आहे. आखाजीपर्यंत हातात फरक पडला नाही तर ती आईला धुळ्याला घेऊन जाणार, किती महिने ते सांगता येत नाही. "तुमच्यानं होत नाहीये, नाना. आता रागावू नका." मी रागावलो नाही. फोन ठेवल्यावर मात्र घरातली माणसं मोजली. दोनच आहेत. त्यातलं एक गेलं तर मागे काय उरतं ते मोजायला शाळा लागत नाही.

आखाजी तीस एप्रिलला. आपल्या हाती दोन कामं. तिचा बॉल आणि माझा मांडा. रोज सकाळी एक मांडा करायचा. एकच, पण खाडा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मांडा क्र. १. हातावर घेताच कोपरापाशी फाटला. अर्धा चुलीत, अर्धा माझ्या बाहीवर.
बॉल: शून्य.

१९ फेब्रुवारी, बुधवार

क्र. ३. आज खापरापर्यंत पोहोचला, पण गोळा होऊनच. शेजारच्या गाईनं खाल्ला. तिची तक्रार नाही.

शेजारच्या वच्छलाबाईंना विचारायला गेलो. लग्नकार्यात मांड्यांना त्यांनाच बोलावतात, शंभर-शंभर पानांचं उरकतात. मी वही-पेन काढलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "जीवरामभाऊ, बटनं दाबनं सोपं हाये. मांडा असा वहीत उतरत नाई."

तरी जे समजलं ते उतरवलं. कणीक सैल भिजवायची, थोडा वेळ मुरू द्यायची, मग पाण्याचा हात मारत आपटून आपटून तिंबायची. इतकी, की उचलली तर तुटायच्या ऐवजी ताणली गेली पाहिजे. पुरण भरायचं, थापायचं आणि मग दोन्ही हातांवर या कोपरावरून त्या कोपरावर फिरवत मोठा करायचा. "किती वेळ तिंबायची?" म्हणून विचारलं. म्हणाल्या, "तिचं मन भरेपावतर." असलं माप आमच्या खात्यात चाललं नसतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिनक्रम बसला. सहाला कणीक भिजवून परातीत झाकायची. सव्वासहाला किटली घेऊन दुधाला निघायचं. डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. वाटेत केळीच्या गाड्या भरत असतात, तिथे दोन शब्द होतात, सातला घरी. मग तिंबण, चूल, खापर. सुनंदा दारात खुर्ची टाकून बसते आणि उंटावरून शेळ्या हाकते. शब्द तीनच आहेत, "पानी", "अजून" आणि "श्शी".

क्र. ८ ला "श्शी" मिळाला.
बॉल: शून्य. आज मी बॉल तिच्या हातात ठेवून वरून बोटं मिटवली आणि एक-दोन-तीन मोजायला लागलो. तिनं डाव्या हातानं बॉल घेऊन परसात फेकला. मी तक्त्यात शून्य लिहिलं. पुढे कंसात "फेकला" असंही लिहिलं, नोंद पूर्ण असावी म्हणून.

२ मार्च, रविवार

उजव्या कोपराला चटका. मलम लावलं. पंधरा दिवस झाले, चौदा मांडे झाले, त्यातला एकही पाहुण्यापुढे ठेवण्याजोगा नाही. नाचता येईना अंगण वाकडे, म्हणून आज मी गव्हाला नावं ठेवली. सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते शब्द परत घेतले.

खरं लिहायचं तर भीती वाटते. मांड्याची नाही. रोज लाल पेनानं शून्य काढताना वाटते.

१२ मार्च, बुधवार

आश्चर्य! आज तिंबायला बसलो तर कणीक हाताला वेगळीच लागली. कालपर्यंत चिखल होता, आज लवचिक. क्र. २४ कोपरावरून कोपरावर तीनदा फिरला आणि फाटला नाही. खापरावर टाकला तेव्हा कड जाड होती, पण मांडा म्हणावं असं काहीतरी झालं. सुनंदानं चव घेतली. "बरा," म्हणाली. चौथा शब्द मिळाला!

काय बदललं? आठवून पाहिलं. पीठ तेच, पाणी तेच. आज परातीवर झाकलेला रुमाल जाडा होता. रुमालाचा परिणाम असावा. उद्या पातळ टाकून पाहतो.

१५ मार्च, शनिवार

पातळ रुमाल, तरी कणीक उत्तम. म्हणजे रुमाल नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फॉल्ट शोधायची ती खरी रीत. उद्या नळाच्या ऐवजी विहिरीचं पाणी.

२० मार्च, गुरुवार

विहिरीचं पाणी: उत्तम. नळाचं: उत्तम. पितळी परात: उत्तम. स्टीलची: उत्तम. सहाला भिजवून: उत्तम. पावणेसहाला भिजवून: त्याहून उत्तम. मी आता नुसतं पाच मिनिटं तिंबतो आणि कणीक ताणून दोरी होते. वच्छलाबाईंना सांगितलं की तुम्ही उगीच तासभर आपटता, नीट मुरली तर मेहनत लागतच नाही. त्या नुसत्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिल्या.

सुनंदा हल्ली लवकर उठते. सहा वाजले की किटलीकडे बोट दाखवून "दूध" म्हणते. पाचवा शब्द. थोडा उशीर केला तर चिडते. दूध सात वाजता आलं काय नि सव्वासातला आलं काय, तिला इतकी घाई कशाची, समजत नाही. चहाची तलफ वाढली असावी.

बॉल: शून्य.

२६ मार्च, बुधवार

क्र. ३८. पहिल्यांदा पुरण भरून केला. गोल नव्हता, आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला, पण पुरण बाहेर आलं नाही. आम्ही दोघांनी मिळून खाल्ला.

सुनंदाच्या उजव्या हातातल्या बांगड्यांना पीठ लागलं होतं. मी दूध आणायला गेलो की ही डबे खाली-वर करते बहुतेक. पडली म्हणजे? समज दिली. ती खाली मान घालून हसू दाबत होती. आजारानं माणसाचा स्वभावही बदलतो, असं वाचलंय.

दुपारी मात्र दोन-दोन तास झोपते, थकल्यासारखी. हे डॉक्टरांना विचारायचं.

३ एप्रिल, गुरुवार

गोम सापडली म्हणायची की जास्तच गुंतली? आज डेअरीच्या माणसाला इकडे काम होतं, त्यानं सहालाच दूध घरी आणून दिलं. मी घरीच थांबलो. कणीक झाकली, समोर खुर्चीत बसून पाऊण तास घड्याळ बघितलं. मग तिंबायला घेतली तर पुन्हा तोच चिखल! क्र. ४६ कोपराशी फाटला, थेट फेब्रुवारीत गेल्यासारखं वाटलं. सुनंदा सकाळभर फुगून होती. मांडा बिघडल्याचा राग आला असावा.

४ एप्रिल, शुक्रवार

प्रयोग म्हणून आज मुद्दाम दुधाला गेलो नाही. पीठ, पाणी, परात, वेळ सगळं तेच. चिखल.

५ एप्रिल, शनिवार

दुधाला गेलो. कणीक रेशमासारखी.

६ एप्रिल, रविवार

तीन दिवसांच्या नोंदी समोर ठेवून निष्कर्ष काढला. लिहायला लाज वाटते, पण आकडे खोटं बोलत नाहीत. फरक एकच आहे, मी घरात असणं किंवा नसणं. मी घरात असलो की कणीक मुरत नाही. मी बाहेर गेलो की मुरते. माझ्या अंगाची उष्णता? पंखा? मी असलो की पंखा चालू असतो, हे खरं. पण काल मी जातानाही पंखा चालूच ठेवून गेलो होतो.

वच्छलाबाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कनीक लाजते, जीवरामभाऊ. गड्याच्या पुढं नाई मुरत ती. लाजू द्या तिले. तुमी आपले दुधाले जात जा."

एकतीस वर्षं विजेत काढली, अशी गोष्ट ऐकली नव्हती. पण जगात आपल्याला माहीत नसलेलं पुष्कळ असतं.

१२ एप्रिल, शनिवार

कामिनीचा फोन. "नाना, हातात काही?" तक्त्यावरून वाचून दाखवलं: शून्य, शून्य, शून्य. ती मग म्हणाली, "मागची खोली रिकामी केली आहे. पलंगही आणलाय. आईला सांगून ठेवा." मी सांगितलं. सुनंदानं ऐकलं आणि किटलीकडे बोट दाखवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. म्हटलं, "आता कायचं दूध?" तर उठून आत निघून गेली.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज लिहू की नको, हे ठरवायला दुपार झाली.

सकाळी निम्म्या वाटेवर समजलं की किटली घरीच राहिली. परत फिरलो. परसातून आलो, तर आतून आपटण्याचा आवाज. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. चोर कधी कणीक तिंबायला येत नाही. खिडकीतून पाहिलं.

सुनंदा खाली पाटावर बसली होती, परात पुढ्यात. डाव्या हातानं तिनं उजव्या हाताचं मनगट धरलं होतं. हात वर उचलायची आणि मुठीसकट कणकेत आपटायची. उचलायची, आपटायची. घामानं पोलकं भिजलं होतं. आणि ती बोलत होती. माझ्याशी पाच शब्द बोलणारी बाई त्या हाताला सलग शिव्या देत होती. "ऊठ ना मेल्या! पसरलाय मढ्यासारखा! लेक येऊन राह्यली, ऊठ!" दहा-बारा वेळा झाल्यावर तिनं डावा हात सोडला. उजवा एकटाच वर गेला. वीतभर गेला असेल. थरथरला आणि खाली पडला. तिनं पुन्हा मनगट धरलं.

मी आत जायला पाऊल उचललं होतं. मोठ्यानं ओरडणार होतो. खिशातला पेनही हातात आला होता, वीतभर म्हणजे किती सेंटिमीटर, ते लिहायला. त्या पेनाकडे बघूनच थांबलो. तिच्या डोक्यावर भिंतीला माझा तक्ता होता. दोन महिन्यांहून जास्त दिवस, रोजचं लाल शून्य, आणि एका ठिकाणी कंसात "फेकला". आल्या-गेल्या प्रत्येकाला दिसेल असा.

मी बायकोचा फीडर केला होता. दर तासाला जाऊन बघायचं, चालू की बंद, आणि लाल शाईनं लिहायचं. मला लाज वाटली. कणीक लाजत नव्हती, लाज मला वाटायला हवी होती आणि ती फार आधी.

किटली न घेताच परत फिरलो. डेअरीत उसनी बरणी मागितली. घरी येताना दारातल्या पायरीवर खोकलो, चपला आपटल्या, नळ सोडला. आत गेलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, कणीक झाकलेली. म्हटलं, "आज बरी मुरलेली दिसते." ती म्हणाली, "हं."

१९ एप्रिल, शनिवार

तक्ता काढला. "भिंत खराब होते," म्हणालो.

२५ एप्रिल, शुक्रवार

कामिनीचा फोन. "काही फरक?" शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. एक वाक्य बोललो असतो तर धुळ्याचा पलंग रिकामा राहिला असता. पण ते वाक्य माझं नाही. जिनं एवढे दिवस लपवलं, तिनं कधी दाखवायचं ते तिनंच ठरवायचं. म्हटलं, "मी लिहिणं बंद केलंय." कामिनी म्हणाली, "म्हणजे तुम्हीही हात टेकले." गप्प बसलो. इतकं जड काम सबस्टेशनलाही कधी केलं नव्हतं.

हल्ली दुधाला तास-दीड तास लावतो. डेअरीवाल्याला वाटतं, मला घरी करमत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

कामिनी आणि जावई योगराज आले. गाडीतून आईसाठी चाकाची खुर्चीही आणली आहे, उद्या दुपारी निघायचं म्हणून. सुनंदानं खुर्चीकडे एकदा पाहिलं. कामिनीनं आल्याबरोबर आईचा हात हातात घेतला, "दाब, आई, माझं बोट दाब." हात पडून राहिला. कामिनी माझ्यावरच रागावली.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी सहाला कणीक भिजवली. घर भरलेलं. कामिनी पुरण वाटत स्वयंपाकघरातच ठाण मांडून बसलेली, योगराजराव ओट्याशी चहा घेत उभे. सुनंदा खुर्चीत. ती परातीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघत होती.

मी किटली उचलली. "चला, दूध आनू."

"नाना, दूध आहे फ्रिजमध्ये," कामिनी म्हणाली.

"डेअरीतलं ताजं पायजे. आमरसाले." आमरसात दूध घालायची आमच्याकडे पद्धत नाही, हे बोलल्यावर आठवलं. "आन योगराजराव, तुमाले केळीचा बाग पाहायचा होता ना?"

त्यांना काहीच पाहायचं नव्हतं. पण जावई माणूस भिडस्त असतो, चपला घालू लागले. कामिनी चिडली. "आईला एकटं सोडून? सण आहे आज. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"नाई ठिकानावर. तू चाल," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या दंडाला धरून तिला घराबाहेर काढलं.

वाटभर ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. मी हट्टी आहे. मला आईची काळजी नाही, मला मांड्यांचं खूळ लागलंय. बागेत उभं करून योगराजरावांना केळीच्या घडाला किती फण्या असतात ते मी दोनदा सांगितलं. सात वाजले, सव्वासात झाले. साडेसातला कामिनी एकटीच तरातरा घराकडे चालू लागली. मी मागून पळालो. साठी ओलांडलेला माणूस हातात किटली घेऊन पळतो तेव्हा गावाला करमणूक होते. दाराशी तिला गाठलं आणि सवयीनं खोकायला लागलो, चपला आपटायला लागलो, म्हणजे सुनंदाला उठून बसायला वेळ मिळेल.

आतला आवाज थांबला नाही. धप्प. धप्प.

कामिनी दारातच उभी राहिली. सुनंदा पाटावर बसली होती. डाव्या हातानं मनगट धरलं नव्हतं. उजवा हात हळूहळू वर जात होता, वाकडा, कापत, आणि मूठ कणकेत पडत होती. तिनं आम्हाला पाहिलं. थांबली नाही. आणखी चार वेळा आपटली, मग म्हणाली, "पुरन राह्यलं ना तुहं? दारात काय उभी?"

कामिनी खाली बसली आणि रडायला लागली. "नाना, तुम्ही सांगितलं का नाही? किती दिवस?"

"मले काय मालूम," मी म्हणालो, "मी दुधाले जातो." सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून समजलं की खोकणं, चपला आपटणं, नळ सोडणं यातलं काहीच तिच्यापासून लपलेलं नव्हतं.

मांडे मी केले. एकवीस झाले, दोन फाटले, कोपराला आणखी एक चटका. वच्छलाबाई मुद्दाम बघायला आल्या आणि त्यांनी एक मांडा उजेडाला धरून त्यातून आरपार माझ्याकडे पाहिलं. योगराजराव चार खाऊन बसले.

दुपारी सुनंदा कामिनीला म्हणाली, "येते मी धुयाले. आठ दिवस. मूठ पडते, पन बोटं उघडत नाई. ते शिकवत असतील त शिकते. मंग वापस येते." वाक्य बोलायला तिला दोन मिनिटं लागली. कुणी मध्ये बोललं नाही. चाकाची खुर्ची घडी करून गाडीत गेली. सुनंदा सोमवारी जाणार, स्वतःच्या पायांनी.

२ मे, शुक्रवार

कामिनी काल गेली. घरात पुन्हा आम्ही दोघं. सकाळी मी पीठ मळायला घेतलं तर सुनंदानं परात स्वतःकडे ओढली. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून मी समोर बसलो. हात वर गेला, खाली आला. प्रत्येक वेळी तिचे ओठ आवळले जात होते. दीड महिना हे रोज होत होतं आणि डिसेंबरपासून तो हात माझ्या डोळ्यांसमोर होता. किती वाकतो, किती उचलतो, किती वेळा दाबला, हे सगळं मी विचारलं होतं. एक गोष्ट विचारायची राहून गेली होती.

म्हटलं, "दुखते का वं?"

तिचा हात कणकेतच थांबला. मला वाटलं, आता परात फेकते.

"लय दुखते," ती म्हणाली. "लय म्हनजे लय."

मग ती सांगत बसली. खांद्यापासून जळजळ कशी उतरते, मधल्या बोटात सुई कशी टोचते, झोपेत हात अंगाखाली आला तर कसा दुसऱ्याच कुणाचा वाटतो आणि भीती वाटते. शब्द अडकत होते, ती थांबायची, पुन्हा सुरू करायची. कणीक वाळत चालली होती. मी तिचा पिठानं भरलेला हात दोन्ही हातांत धरून बसलो, आणि ती दुखतं तिथे तिथे बोट ठेवून दाखवत होती.